मांडीचं माप

छातीचा रोगी समोर आला की मी आधी त्याची मांडी पाहते. दम लागतो तो फुफ्फुसामुळे, आणि ही बाई टेप घेऊन मांडी मोजत बसली आहे, हे बघून नातेवाईक एकमेकांची तोंडं पाहतात. एकदा एका नव्या डॉक्टरसाहेबांनी वॉर्डात सगळ्यांदेखत विचारलं होतं, "मॅडम, पायजमा बेतताय का?" मी फिजिओथेरपिस्ट. जन्म धारचा, आजोळ देवासचं, नोकरी इंदुरात, आणि निवृत्तीनंतर आता धार जिल्ह्यातली शिबिरं. दमेकरी, क्षयातून उठलेले, चुलीच्या धुरानं छाती गेलेल्या बायका, दगडाची भुकटी फुफ्फुसात घेऊन परतलेले मजूर, असे सगळे पाहून झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. एक्स-रे आजार दाखवतो. माणूस किती टिकेल ते पुष्कळदा मांडी सांगते.

हे ज्ञान विलायतेहून आलेलं आहे असं तरुण मंडळींना वाटतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला आठवा अध्याय राजयक्ष्म्याचा, म्हणजे क्षयाचा, आहे. त्यात रोगाची अकरा, सहा आणि तीन लक्षणांची रूपं दिली आहेत, आणि त्यानंतर एक नियम येतो. तो वाचून मी पहिल्यांदा उठून उभी राहिले होते. रोग्याचं मांस आणि बळ गेलं असेल, तर तीनच लक्षणं असली तरी वैद्यानं त्याला हाती घेऊ नये. मांस आणि बळ शाबूत असेल, तर सगळी लक्षणं असली तरी उपचार करावेत. खोकला किती, रक्त पडतं का, ताप कुठल्या वेळी चढतो, हे सगळं मोजून झाल्यावर निकाल मात्र मांसावर. दोन हजार वर्षांपूर्वी या माणसांकडे ना स्टेथोस्कोप होता ना सूक्ष्मदर्शक. त्यांनी मरणारे आणि जगणारे शेजारी शेजारी बसवून पाहिले असणार, दुसरं काय?

पुढची गंमत आहारात आहे. मांस वाढवायचं तर मांसच द्या, आणि तेही मांस खाणाऱ्या प्राण्यांचं, असा सल्ला. पण रोग्याला किळस आली तर? तर कावळ्याचं मांस तित्तिराचं म्हणून वाढा, सापाचं माशाचं म्हणून. चक्क फसवा, असं ग्रंथात लिहून ठेवलंय. बळजबरीनं खाल्लेलं अंगी लागत नाही, ही समज त्यामागे आहे. आमच्या आहारतज्ज्ञ बाई रोग्याच्या वरणात प्रोटीनची पावडर कालवतात तेव्हा मला तो तित्तिर आठवतो.

आम्हा धारकरांना कुठलाही विषय भोजराजापर्यंत नेल्याशिवाय चैन पडत नाही, तर तेही उरकून घेते. अकराव्या शतकात धारेवरून माळवा चालवणाऱ्या भोजाच्या नावावर 'राजमार्तंड' नावाचा एक वैद्यकग्रंथ मोडतो. त्याच नावाची त्याची योगसूत्रांवरची टीका जास्त प्रसिद्ध. आमच्या शाळेत मात्र भोजाची भोजशाळाच काय ती शिकवली. वैद्यकाचं कुणी बोललं नाही.

आता देवास. आजोळचं गाव म्हणून सांगत नाही, पण असं गाव दुसरं नसेल. पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन पोलीस. आजी सांगायची, रस्त्याच्या या अंगाला चोरी झाली आणि चोर त्या अंगाला गेला की शिपाई मध्येच थांबायचा. खरं-खोटं टेकडीवरची देवीच जाणे. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा सचिव होऊन इथे राहून गेला आणि १९५३ मध्ये त्यानं 'द हिल ऑफ देवी' लिहिलं, म्हणून इंग्रजी वाचणाऱ्यांना देवास माहीत. मराठी वाचणाऱ्यांना ते माहीत आहे दुसऱ्याच माणसामुळे.

१९४७ च्या एप्रिलमध्ये कुमार गंधर्वांचं लग्न भानुमती कंस यांच्याशी झालं. देवधर मास्तरांकडे शिकलेला, लहानपणापासून मैफली गाजवलेला तेवीस वर्षांचा गवई. त्याच वर्षी क्षयाचं निदान झालं. कोरडी हवा हवी, मुंबई सोडा, असा सल्ला मिळाला आणि ३० जानेवारी १९४८ रोजी ही दोघं देवासला आली. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच दिवस. गाण्याला बंदी, बोलणंही जपून. भानुमतीताईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, शुश्रूषा केली.

त्या काळच्या क्षयाच्या उपचाराचं मला कायम नवल वाटतं. मुख्य औषध म्हणजे खाट. पाचगणीचं बेल एअर सॅनेटोरियम १९१२ पासून चालू होतं, मिरजेला मिशनचं होतं. ज्याला परवडेल तो तिकडे, बाकीचे घरी. महिनोन् महिने आडवं पडून राहायचं. काहींना तर उठून बसायचीही परवानगी नसे. छातीत सुई घालून हवा भरायची आणि एक फुफ्फुस मिटवून ठेवायचं, म्हणजे त्याला विश्रांती. सोबत दूध, अंडी, लोणी, माशाचं तेल. आठवड्याचा वजनाचा वार ठरलेला, आणि काट्यावर पौंडभर वाढलं की वॉर्डात पेढे वाटायचेच बाकी.

वजन वाढत होतं हे खरं, पण वाढत काय होतं? निजून राहिलेल्या माणसाचा स्नायू दिवसागणिक उतरतो, आणि त्यात मांडी लवकर उतरते. वर अंडी-लोण्याचा मारा. म्हणजे काटा सांगायचा रोगी सुधारतोय, आणि चादरीखाली पाय बारीक होत असायचे. आजोळच्या गल्लीत सॅनेटोरियमहून परतलेले एक मास्तर होते. चेहरा गोल, गाल गुलाबी, आणि देवळाच्या पायऱ्या मात्र बसून बसून चढायचे. आम्ही पोरं हसायचो. आज ते माझ्याकडे आले असते तर मी त्यांना गालांवरून पास केलं नसतं.

औषधही येत होतंच. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं. इंग्लंडमध्ये त्याची चाचणी झाली, तिचा अहवाल १९४८ सालचा, म्हणजे कुमारजी देवासच्या खाटेवर होते तेव्हाचा. ५५ रोग्यांना स्ट्रेप्टोमायसिन आणि खाट, ५२ जणांना नुसती खाट. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ गेले, दुसऱ्यातले १४. नुसत्या खाटेची किंमत या दोन आकड्यांत कळते. देवासपर्यंत हे औषध पोचायला १९५२ उजाडलं. त्यानंतर कुमारजी उठले आणि १९५३ च्या सुमाराला पुन्हा मैफलीत बसले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं.

मधली ती वर्षं त्यांनी काय केलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. टेकडीच्या पायथ्याचं घर, समोरून बाजाराला जाणाऱ्या बायका, नाथपंथी जोगी, माळव्याची लोकगीतं. पुढे त्यातून आलेले धुनउगम राग आणि १९६५ चं 'अनूपरागविलास'. मला खटकतं ते वेगळंच. त्यांचे तुटक, झेपावणारे स्वर आणि आखूड ताना ऐकून जाणकारसुद्धा सहज म्हणून जातात की एकच फुफ्फुस, दुसरं काय करणार! हे मला पटत नाही. गाण्याचा दमसास फुफ्फुसाच्या आकारावर जितका असतो तितकाच तो श्वास रोखून, मोजून सोडणाऱ्या स्नायूंवर असतो: छाती-पोटामधला पडदा, बरगड्यांमधले स्नायू, पोटाची भिंत. ते स्नायू लहानपणापासून कमावलेले होते. माझ्याकडे एक फुफ्फुस शाबूत असलेले रोगी येतात आणि मजेत चालतात. दोन्ही फुफ्फुसं अर्धी-अर्धी शाबूत असलेले येतात आणि त्यांना स्टुलावरून उठवत नाही. कुमारजींचं गाणं त्यांच्या विचारातून आलं. मला त्यांच्याबद्दल विचारायचं असतं ते निराळं: चार-पाच वर्षं निजल्यावर हा माणूस पहिल्यांदा घराबाहेर चालत गेला तो किती पावलं? ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. १९९२ च्या १२ जानेवारीला ते देवासलाच गेले. आजार जडल्यावर चव्वेचाळीस वर्षं जगून. एवढ्या आयुष्यात औषधाचा वाटा मोठाच, पण भानुमतीताईंच्या नोकरीतून आलेल्या दुधाचा आणि वरणभाताचाही आहे. त्या स्वतः १९६१ मध्ये बाळंतपणात गेल्या.

खाटेचं माहात्म्य उतरवलं ते मद्रासनं. १९५६ मध्ये तिथल्या केंद्रात १९३ रोग्यांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, चांगलं जेवण आणि विश्रांती. दुसरा आपापल्या झोपड्यांत, कमी जेवण, जास्त हालचाल. औषधं दोघांनाही तीच. बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, घरच्यांनाही आजार जास्त लागला नाही. जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर बंद होत गेली. छान झालं. पण त्या आनंदात आम्ही रोग्याचं जेवणही विसरलो. औषध दिलं, जंतू मेले, काम संपलं. माणूस किती वाळला हे विचारणं मागासलेपणाचं ठरलं. २०२३ मध्ये झारखंडच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी. म्हणजे फिरून चरकापाशी.

दम लागण्याच्या जुनाट आजारात, ज्याला आता सगळेच सीओपीडी म्हणतात, हीच वाट उशिरा सापडली. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी १९६७ मध्येच लिहिलं होतं की असे रोगी वाळू लागले की फार दिवस काढत नाहीत. पण तेव्हाची समजूत अशी की वाळणं हा आजाराचा शेवट आहे, त्याला इलाज काय? १९९८ मध्ये नेदरलँड्सच्या आनेमी स्कोल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आठ आठवड्यांत दोन किलोहून जास्त वजन ज्यांचं वाढलं ते जास्त जगले. २००२ मध्ये क्यूबेकच्या १४२ रोग्यांच्या मांड्यांचं सीटी स्कॅननं माप घेतलं गेलं. मांडीच्या मध्यावर स्नायूचा छेद ७० चौरस सेंटिमीटरहून कमी भरला, तर मृत्यूचा धोका कितीतरी वाढलेला. वजनापेक्षाही हे माप खरं बोललं. सॅनेटोरियमचा काटा जिथे फसला होता, ती जागा हीच.

मांडीच का? फुफ्फुस आखडलं की श्वास घेणं हीच रोजंदारी होऊन बसते. खाल्लेलं तिथेच खर्च होतं. जेवताना धाप लागते, पोट भरलं की पडद्याला खाली सरकायला जागा उरत नाही, म्हणून माणूस दोन घास कमीच खातो. आजाराची सूज छातीपुरती राहत नाही, तिची द्रव्यं रक्तातून सगळीकडे फिरतात आणि स्नायू झिजवतात. वरून स्टेरॉइडच्या गोळ्या, ज्या आमच्याकडे किराणा दुकानात मिळाव्यात इतक्या सहज मिळतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चाललं की दम लागतो म्हणून माणूस चालणं सोडतो. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूत दमानं काम करणारे धागे कमी होतात, लवकर थकणारे उरतात. मग थोडं चाललं तरी जास्त दम. हात तेवढे जात नाहीत, कारण हात घरात बसूनही चालूच असतात. धार जिल्ह्यातल्या कुक्षीकडच्या एका म्हाताऱ्यानं हे सगळं मला एका वाक्यात सांगून टाकलं होतं: "छाती नी, मॅडम, पग नी चाले." छाती नव्हे, पायच चालत नाहीत.

त्या बाजूचा इतिहास देवाससारखा सांगण्याजोगा नाही, पण सांगायला हवा. २००० नंतरच्या कोरड्या वर्षांत धार, झाबुआ, अलिराजपूरचे भिल-भिलाला मजूर गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे कामाला जाऊ लागले. तिथे गारगोटीचा दगड दळून काचेसाठी पीठ करण्याचे कारखाने. तोंडाला फडकं, एवढंच संरक्षण. गारेच्या त्या बारीक धुळीनं फुफ्फुसात चट्टे पडतात. तो आजार सिलिकोसिस. उलटवणारं औषध नाही. काही महिने काम करून आलेली पंचविशी-तिशीतली माणसं काही वर्षांतच गेली. कित्येकांना क्षयाच्या गोळ्या देऊन पाहिल्या गेल्या, कारण खोकला तोच, वाळणंही तेच; आणि सिलिकोसिसमध्ये क्षय जडतोही चटकन. प्रकरण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६ च्या मे महिन्यात न्यायालयानं गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला सांगितलं.

माळव्याला हा आजार पहिल्यांदा भेटला असंही नाही. मंदसौरजवळ मुलतानपुऱ्याच्या बाजूला पाटीवरच्या पेन्सिली कापायचा धंदा. आमच्याकडे तिला पेम म्हणत. शेलचा दगड करवतीवर कापायचा, धूळ नाकातोंडात. तिथे तरुण माणसं इतकी मेली की १९८२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं या कामगारांच्या कल्याणनिधीचा वेगळा कायदा केला. धारच्या शाळेत मी ती पेम चाटून लिहायची, कधी कधी चावून खायचीसुद्धा. कुणाच्या छातीतून ती आली हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी लिहायची थांबले नसते.

सिलिकोसिसच्या गावात पुस्तकातलं माप नेलं की पंचाईत होते. २००४ मध्ये सेली नावाच्या डॉक्टरांनी बोड नावाचा गुणांक काढला: उंचीच्या मानानं वजन, फुंकरीची ताकद, दम, आणि सहा मिनिटांत किती चालतो. शून्य ते दहा गुण. जितके जास्त तितका धोका. फार उपयोगी. पण त्यात वजनाचा निर्देशांक २१ किंवा खाली असला की एक गुण चढतो. आमच्याच जिल्ह्यातल्या डहीच्या बाजारात उभी राहा आणि धडधाकट, मण-मण ओझं वाहणारी माणसं मोजा. निम्मी तरी २१ च्या खाली भरतील असा माझा अंदाज. म्हणजे हा गुण आजाराचा नाही, गरिबीचा. त्या माणसाला त्याच्याच जुन्या मापाशी ताडायला हवं. आणि जुनं माप आणायचं कुठून? जन्मात कधी काट्यावर उभा राहिलेला नाही.

म्हणून मी दागिने पाहते. पुरुषाच्या कमरेचा करदोटा कुठे बसतो: कमरेच्या हाडावर की खाली घसरलेला, आणि गाठ किती वेळा मारली आहे. जुन्या गाठीची जागा दोऱ्यावर काळपट, दबलेली दिसते. तिथपासून नव्या गाठीपर्यंत बोटं मोजायची. बायकांच्या दंडावर चांदीचं जाड कडं असतं, लग्नात घातलेलं, कधी न काढलेलं. एका बाईनं त्याला आतून चिंध्या गुंडाळल्या होत्या, ते कोपरावर घसरू नये म्हणून. तिला विचारलं कधीपासून, तर म्हणाली दोन वर्षांपासून, नवरा गोध्र्याला वारला तेव्हापासून. ती कारखान्यात कधी गेलीच नव्हती. चूल होती, उपास होते, शोक होता. चिंध्या काढल्यावर कडं आणि दंड यांच्यामध्ये सहज दोन बोटं गेली.

इलाज साधा आहे, आणि साधा आहे म्हणून कुणी लिहून देत नाही. चालवणं, रोज थोडं, दम लागला की थांबून पुन्हा. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणं. जिन्याची एक पायरी चढ-उतर. खाणं थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. डाळ, शेंगदाणे, अंडं. यानं चट्टे जात नाहीत, आणि सिलिकोसिसमध्ये मी कुणाला खोटी आशा दाखवत नाही. पण जो स्वतः उठून शौचाला जातो आणि ज्याला धरून न्यावं लागतं, त्यांच्या घरात फार फरक असतो. एकाची बायको मजुरीला जाऊ शकते, दुसऱ्याची नाही. क्षयाच्या रोग्याला २०१८ पासून सरकार पोषणाचे पैसे देतं, महिन्याला ५०० रुपये, २०२४ पासून १०००. सिलिकोसिसवाल्याला क्षय नसेल तर ते नाहीत. मग काही जण थुंकीत क्षय निघावा अशी मनातून इच्छा धरतात. मी एकाच्या तोंडून ऐकलंय.

कारखाने अधिनियम १९४८ सालचा. म्हणजे कुमारजी देवासला आले त्याच वर्षीचा. सिलिकोसिस हा कळवलाच पाहिजे अशा रोगांच्या त्याच्या यादीत होता. कामावर घेताना मजुराचं वजन घेतलं, वर्षाला पुन्हा घेतलं, तर पाच किलो घटलेला तरुण एक्स-रे बिघडण्याआधीच नजरेत येईल. पण ज्यांनी हजेरीची चिठ्ठीही दिली नाही ते वजन काय लिहिणार? भरपाईच्या वेळी वारसांपुढे मोठा अडसर हाच होता: माणूस तिथे कामाला होता याचाच पुरावा नाही. आमच्या शिबिरात आता एका जाड कार्डावर वजन, मांडीचा घेर, दंडाचा घेर आणि खुर्चीवरून किती वेळा उठला एवढं लिहितो. दर खेपेला त्याच कार्डावर, तारखेसकट. कार्ड रोग्याकडे राहतं. सातबाऱ्यासारखा जमिनीचा जो काही कागद असेल त्याच्यासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवा, असं मी सांगते. हे कार्ड शोधायला निदान कुणाच्या टेबलापुढे उभं राहावं लागत नाही.